टेप बॅकअप रखडतो तेव्हा : वेर्ण्याच्या सर्व्हर रूममधला माझा पहिला पावसाळा

शुक्रवारी रात्री अकराला लावलेला फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची टेपवरची प्रत, सोमवारी सकाळी मी कामावर पोचलो तेव्हाही चालूच होता. जुलै महिना, गोव्यातली वेर्णा औद्योगिक वसाहत, बाहेर मुसळधार पाऊस. फोंड्याहून बस बदलत येऊन अजून छत्रीही मिटली नव्हती, तोच अकाउंट्समधून फोन सुरू झाले, सिस्टिम का रखडतेय म्हणून. नोकरीला दोन महिने झाले होते आणि टेपचं काम, म्हणजे कंपनीचा डेटा चुंबकीय टेपच्या कार्ट्रिजवर उतरवून ठेवणं, माझ्याकडे होतं.

तेव्हा मी जे पहिलं केलं ते चुकलंच. बॅकअप संपल्यावर नवी टेप घालून पाहिली, फरक नाही. क्लीनिंग कार्ट्रिज फिरवली, फरक नाही, म्हणून पुन्हा फिरवली. ही कार्ट्रिज ड्राइव्हच्या, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्राच्या, हेडवर (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावर) घासत जाते, त्यामुळे ड्राइव्हने दिवा लावून मागितल्याशिवाय ती घालायची नसते. आता माझ्या हाताखाली येणारी मुलंही पहिल्या दिवशी तिलाच हात घालतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कागद घ्या आणि भागाकार करा. आमचा ड्राइव्ह एलटीओ-६, म्हणजे एलटीओ या टेप प्रकाराच्या सहाव्या पिढीचा, होता. त्याच्या टेपवर कॉम्प्रेशन न धरता २.५ टीबी मावतात आणि वेग सेकंदाला १६० एमबी, म्हणजे अख्खी टेप साडेचार तासांच्या आत भरायला हवी. आमचा डेटा २.४ टीबी. तो बॅकअप सोमवारी साडेअकराला संपला, म्हणजे साडेसाठ तास. भागाकार केला तर सेकंदाला ११ एमबी.

आमच्या सीनियर सरांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, “अकरा? मग टेपकडे बघूच नकोस. स्विचकडे जा.”

स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबली जिथे येऊन जुळतात ती पेटी. १०० मेगाबिटच्या लिंकला आठाने भागलं की १२.५ एमबी येतात आणि वरखर्च वजा जाता हातात ११ च्या आसपास उरतात. सगळं नेटवर्क गिगाबिट असूनही बॅकअप सर्व्हरचा पोर्ट १०० वर उतरला होता. केबलिंगवाला आला, त्याने टोकाचा प्लग कापून माझ्या तळहातावर ठेवला. “पळय रे, पाचवें जालां.” म्हणजे बघ रे, हिरवं झालंय. तांब्याच्या पिनांवर हिरवा थर चढला होता आणि एक जोडी पार कुजली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून लिंक तुटली नाही, नुसती खाली आली. इथल्या खाऱ्या, दमट हवेत हे नेहमीचं आहे. पोर्टचा वेग दर महिन्याला बघायची सवय मला त्या प्लगने लावली.

केबल बदलली आणि वेग सेकंदाला ३५-४० एमबीवर गेला. मला वाटलं, जिंकलो. सरांनी मात्र मला ड्राइव्हजवळ उभं केलं आणि ऐकायला सांगितलं. घुर्र… खट्. मग उलटं घुर्र. पुन्हा खट्. याला शू-शाइनिंग म्हणतात, कारण बूट पुसताना फडकं मागेपुढे ओढतात तशी टेप हेडवरून मागेपुढे जाते. डेटा वेळेवर आला नाही की ड्राइव्हला थांबावं लागतं, पण पळती टेप जागच्या जागी थांबत नाही. ती पुढे निघून जाते, मग मागे घ्यायची, पुन्हा वेग धरायचा आणि सुटलेल्या जागेपासून लिहायचं. आताचे ड्राइव्ह डेटा कमी आला तर वेग उतरवून घेतात, पण त्यालाही खालची मर्यादा असते. तिच्याखाली गेलात की हा खेळ सुरू होतो. वेळ तर जातोच, टेप आणि हेडही झिजतात.

म्हणून वाटेचा प्रत्येक टप्पा सुटा मोजायचा. डिस्क वाचते किती, नेटवर्क नेतं किती, टेप घेते किती. टेपची चाचणी कोऱ्या टेपवरच घ्या. आणि नुसती शून्यं लिहून मोजू नका. ड्राइव्ह ती आवळून टाकतो आणि आकडा फुगतो. मी झिप फायलींचा एक मोठा गठ्ठा बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवरून लिहिला, तर १५० च्या वर वेग मिळाला. टेप ठणठणीत होती. नेटवर्कवरून २० जीबीची एकच फाइल ओढली, १०५. तेही ठीक. मग स्कॅन केलेल्या बिलांचा फोल्डर ओढला आणि आकडा १८ वर आला. त्यात लाखो बारक्या फायली. प्रत्येक फाइल शोधा, उघडा, अँटिव्हायरसला दाखवा, बंद करा. वाचण्यापेक्षा उघडझापच जास्त.

उपाय साधा निघाला. आधी सगळं बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर उतरवायचं, तिथे मोठ्या सलग फायली होतात, आणि मग त्या एका दमात टेपवर. मात्र टेपवर लिहिताना त्या डिस्कवर दुसरं काही चालू नको, नाहीतर तीच रखडते. बॅकअप प्रोग्रॅमला अँटिव्हायरसमधून सूट हवी असेल तर लेखी परवानगी घ्या, परस्पर करू नका.

ब्लॉक साइजही बघा, म्हणजे टेपवर एका वेळी लिहायचा डेटाचा तुकडा केवढा आहे ते. लिनक्सवर ‘टार’ हा फायली एकत्र बांधणारा प्रोग्रॅम आपणहून १० केबीचे ब्लॉक लिहितो, ते आधुनिक टेपसाठी फारच लहान. आम्ही २५६ केबी ठेवले. आकडा कार्ट्रिजच्या लेबलवर लिहा, रिस्टोअर करणाऱ्याला तो लागतो. एलटीओ-९ वर काम करणार असाल तर नवी कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची जुळणी करत बसतो. त्याला दोन तासही लागू शकतात. अडकला समजून बंद करू नका.

पावसाळ्याचं एक राहिलं. आमची एक प्रत पणजीच्या ऑफिसात जायची. तिथून परत आलेली टेप थेट ड्राइव्हमध्ये घालायची नाही. सर्व्हर रूममध्ये २४ तास ठेवा, मगच वापरा. बाहेरच्या दमट हवेत गाडीच्या डिकीत राहिलेली टेप मी एकदा तशीच घातली आणि लॉगमध्ये राइट एररची रांग लागली.

पुढच्या शुक्रवारी रात्री अकरालाच सुरू केलं. डिस्कवर उतरायला शनिवारची दुपार उजाडली, टेप संध्याकाळी सातच्या आत भरली. मी ड्राइव्हजवळ उभा होतो. एकच सलग आवाज, कुठे खट् नाही. रविवारी सरांनी टेपवरून बिलांचा एक फोल्डर परत काढायला लावला. तो उघडला, बिलं वाचता आली, तेव्हाच त्यांनी रजिस्टरवर सही केली.