तणनाशक मारताना मेंदूतल्या पेशी कशा जपाल

तासगाव-पलूसकडे उसाच्या बांधावर पॅराक्वाट नावाचं तणनाशक मारणाऱ्यांसाठी हे. पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या आजारात मेंदूच्या खोडातल्या 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' या काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन (हालचाली नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात. हात थरथरू लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. या पेशींच्या फांद्या प्रचंड पसरलेल्या, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांवर, ताण कायमचा. रोटेनोन हे कीटकनाशक त्यांतला कॉम्प्लेक्स १, म्हणजे ऊर्जा बनवण्यातला एक दुवा, अडवतं. पॅराक्वाट वेगळ्या वाटेनं जातं: ऑक्सिजनचे घातक रेणू पुन्हा पुन्हा तयार करतं. भरीला अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी साचतात, पेशीतली सफाई तुंबते. फवारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असं मुळीच नाही. पण संपर्क आणि आजार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

खरा धोका पंप भरताना. तेव्हा बाटलीतलं औषध २४ टक्के, म्हणजे पाण्यात मिसळण्याआधीचं. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा तेव्हा तर हवाच. कापडी मोजे नकोत, ते औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही.

गळका पंप पाठीवर घेऊ नका. शर्ट भिजला तर लगेच काढा, साबणानं धुऊन घ्या. जखमेवर तर थेंबही नको. मधेच तंबाखू मळणं बंद. रिकामी बाटली ३ वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा. औषध पाण्याच्या बाटलीत कधीच काढून ठेवू नका. पोटात गेलं तर उतारा नाही, तडक दवाखाना गाठा.