नवीन आणलेलं कुत्रं बुजलंय? मग या चुका टाळा

रस्त्यावरनं उचललेलं किंवा शेल्टरमधनं आणलेलं मोठं कुत्रं घरात आलं की पहिले दोन-तीन दिवस घरातले सगळे कौतुकानं सांगत सुटतात, लई शांत हाय हो, आवाज नाही काय नाही, एका कोपऱ्यात बसून असतंय. पहिली चूक इथंच होते, बहुतेक वेळा ते शांत नसतंय, भीतीनं थिजलेलं असतंय. शेपूट पायात घातलेलं, कान मागं, समोर खायला काही नसताना सारखी ओठांवरनं जीभ फिरवतंय, झोप नसताना जांभया देतंय, मान न वळवता नुसत्या डोळ्याच्या कडेनं बघतंय आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, हे दिसलं की समजायचं की त्याला अजून कशाचाच भरवसा नाही. आणि मग काही आठवड्यांनी तेच कुत्रं बेल वाजली की भुंकाय लागलं, चप्पल पळवाय लागलं की लोक म्हणतात बिघडलं. अहो, आत्ता कुठं ते मोकळं व्हाय लागलंय. 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात, म्हणजे 3 दिवस धक्का ओसरायला, 3 आठवडे घराची रीत कळायला आणि 3 महिने आपलं वाटायला. पण लई घाबरलेल्या कुत्र्याला वर्षही लागू शकतं, कॅलेंडर घेऊन बसू नका.

दुसरी चूक म्हणजे पाहुणे. नवी नवरी बघाय यावं तशी अख्खी गल्ली येते, पोरं फोटो काढतात, शेजारच्या काकू वरनं वाकून डोक्यावर हात फिरवतात. त्यांना प्रेमानंच सांगायचं, काकू, पंधरा दिवस थांबा की जरा. घरातल्यांनीही तेच करायचं: पलंगाखाली बसलंय तर बसू दे, पट्ट्याला धरून ओढायचं नाही, कडेला तिरकं बसायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, एखादा चिकनचा तुकडा लांबनं टाकायचा आणि आपला मोबाईल बघत बसायचं. ते येतंय आपणहून. पहिल्याच दिवशी आंघोळ तर अजिबात नको, गोचीड असतील तर डॉक्टरांकडनं औषध घ्या.

आणि गुरगुरलं तर मारायचं नाही, ओरडायचं पण नाही. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, ती मार खाऊन बंद झाली की पुढच्या वेळी थेट चावतंय, मग आपणच म्हणायचं की न सांगता चावलं.

खाण्याचं बघा. आधी जे खात होतं तेच सुरुवातीला द्या, नवीन खाणं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्या, नाहीतर जुलाब ठरलेले. आपल्याकडं कोल्हापुरात रविवारी तांबडा-पांढरा झाला की उरलेला रस्सा आणि हाडं कुत्र्याला, ही जुनीच सवय, पण त्या रश्शात कांदा-लसूण असतोय आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खराब करतो, शिजलेली हाडं चिरफळून आतड्यात अडकतात. साधं उकडलेलं चिकन-भात चालतंय, बिनमसाल्याचं. पहिला दिवस काही खाल्लं नाही म्हणून तोंडात कोंबू नका, वाटी ठेवून लांब जा, बरीच कुत्री रात्री सगळे झोपल्यावर खातात. दिवसभर पाण्यालाही तोंड लावलं नाही, दोन दिवस काही खाल्लं नाही, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मात्र डॉक्टर. पिल्लू असेल तर तेवढं पण थांबू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुसऱ्याच दिवशी रंकाळा तलावावर फिरवाय नेणं. संध्याकाळी तिथं भेळेच्या गाड्या, गर्दी, हॉर्न, वर तिथली ठरलेली कुत्री, आणि गळ्यातला पट्टा सैल. घाबरलेलं कुत्रं मागं सरकत मान काढून घेतंय आणि सुटलं की हाक मारून येत नाही, कारण त्याला अजून नावच माहीत नसतंय. म्हणून छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन्हीला दोरी, आणि सुरुवातीला पहाटे आपल्याच गल्लीत पाच-दहा मिनिटं. पेठेतल्या जुन्या घरांचं दार उघडलं की थेट रस्ता, तिथं आतनं एक जाळीचं दार किंवा फळी लावून घ्या. गळपट्ट्यावर फोन नंबर पहिल्या दिवसापासनं.

आता आवाज. आपल्या गावात शांत आठवडा शोधावा लागतोय, आषाढात त्र्यंबोली देवीच्या यात्रेचं पी-ढबाक वाजप, फुटबॉलची मॅच जिंकली की हलगी आणि फटाके, वळवाचा गडगडाट, आणि विसर्जनाचा डॉल्बी तर भिंतीतनं छातीत घुसतोय. सवय व्हावी म्हणून मिरवणूक दाखवाय नेणारे महाभाग आहेत, तसल्यानं भीती वाढते. रस्त्यापासनं लांबची आतली खोली, खिडक्या बंद, जाड पडदा, पंखा किंवा कूलर चालू, त्याची गोधडी, आणि फिरवणं मिरवणूक सुरू व्हायच्या आधी उरकायचं. जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं असं लोक सांगतात, त्यात तथ्य नाही, ते येऊन चिकटत असेल तर खुशाल जवळ घ्या.

घरात मुतलं तर नाक घासायचं नाही, त्यातनं ते एवढंच शिकतंय की तुमच्यासमोर मुतायचं नाही, मग सोफ्यामागं. वास राहिला की परत तिथंच जातंय, म्हणून एन्झाईमवालं क्लीनर वापरा आणि खाल्ल्यावर, उठल्यावर लगेच बाहेर न्या.

एक आठवडा रजा टाकून चोवीस तास जवळ बसायचं आणि सोमवारी एकदम शिरोली एमआयडीसीत ड्युटीला निघून जायचं, हे पण नको. थोडं स्थिरावलं की दोन मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग पाच, मग पंधरा, जाताना निरोपाचा सोहळा नको.

एवढं करूनही काही आठवड्यांनी ते थरथरतंय, स्वतःचे पाय चाटून चाटून जखमा करतंय, किंवा चावाय येतंय, तर डॉक्टरांना दाखवा, कधी कधी कान किंवा सांधा दुखत असतोय आणि आपण भित्रं म्हणत बसतो. भीतीवर औषधं असतात, पण वजन बघून डॉक्टरच देणार, घरातली माणसांची झोपेची गोळी नाही. सणाचा विचार असेल तर गणपतीच्या आधी महिना-दीड महिना जा, कारण यातली काही औषधं लागू पडायलाच आठवडे घेतात.