गणपतीला सगळे घरी येण्यापूर्वी: सातबारा, मृत्युपत्र आणि ट्रस्टची तयारी

चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी घरी येतात आणि सगळ्या वारसांच्या सह्या एकाच वेळी मिळण्याची वर्षातली बहुधा तीच एक संधी असते. म्हणून पुढील तयारी त्याआधीच्या महिन्यात उरकावी.

पहिल्यांदा प्रत्येक जमिनीचा ताजा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (नावे बदलल्याच्या नोंदी) काढावेत, घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टी आकारणीचा उतारा) घ्यावा. कोकणात सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव किंवा वीस-बावीस सामाईक नावे असतात, आणि तशा स्थितीत "अमुक कलमांची बाग धाकट्याला" असे मृत्युपत्रात लिहून काही साधत नाही, कारण वाटप होईपर्यंत आपल्याला केवळ आपला हिस्साच देता येतो. आधी वारस नोंद, मग वाटप, मग मृत्युपत्र, हाच क्रम ठेवावा. नोंदीत मुलींची नावे गाळली असतील तर ती घालून घ्यावीत: हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला असून, त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. हक्कसोडपत्र द्यायचे की नाही हे बहिणीने ठरवावे. आरतीच्या गडबडीत तिच्यापुढे कागद सरकवणे मला अन्यायाचे वाटते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. आमच्या आजोबांच्या सुवाच्य मृत्युपत्रावर एकाच शेजाऱ्याची सही होती आणि तेवढ्याने तो कागद निरुपयोगी ठरला. साक्षीदार सज्ञान, पण आपल्यापेक्षा वयाने लहान आणि मिळकतीत वाटा नसलेले निवडावेत. हयातीतच द्यायचे असेल तर पती-पत्नी, मुले व नातवंडांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, अधिभार वेगळा. मात्र दिलेले सहसा परत घेता येत नाही.

करांबाबत धास्ती नको. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर 1985 मध्येच रद्द झाला, आणि वारशाने आलेल्या मिळकतीवर घेणाऱ्याला आयकर नाही. पुढे शहरातले घर विकताना मात्र नफ्यावरचा कर काढण्यासाठी पूर्वजांची खरेदी किंमत लागते. ती 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या तारखेचे मूल्यांकन करून ठेवावे.

दिव्यांग मुलासाठी किंवा अज्ञान (अल्पवयीन) नातवंडांसाठी खासगी ट्रस्टचा, म्हणजे मिळकत विश्वस्तांनी त्यांच्यासाठी सांभाळण्याच्या व्यवस्थेचा, विचार अवश्य करावा. 1882 च्या ट्रस्ट कायद्यानुसार स्थावर मिळकतीसाठी हयातीत केलेल्या ट्रस्टचा दस्त नोंदवावा लागतो. कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांवर सोडले तर उत्पन्नावर साधारणपणे सर्वोच्च दराने कर बसतो. मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट यातून सुटू शकतो, म्हणून मसुदा चार्टर्ड अकाउंटंटला दाखवावा. शेतजमीन त्यात घालण्यापूर्वी कुळकायदा (शेतजमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालणारा कायदा) वकिलाकडून तपासून घ्यावा.

बँकेतले नॉमिनी पाहून घ्यावेत. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा असतो. मूळ कागद पावसाळी ओलीत भिंतीच्या फडताळात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि तो डबा कुठे आहे हे किमान दोघांना सांगावे.