तळावरच्या ऊसतोड कामगारांसाठी गावाने काय करायचं

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, कोपी (तात्पुरती झोपडी) टाकून राहतात. त्यांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं असेल तर आधी रास्ता रोको डोक्यातून काढा. तोडीची मजुरी टनावर मिळते आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. गाडी अडली की ऊस वाळतो, वजन घटतं आणि फटका बसतो तोडणाऱ्यालाच.

कामगारांना मोर्चालाही बोलावू नका. नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, हंगामाआधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. दिवस चुकला की खाडा (गैरहजेरीचा दंड) लागतो, वर मुकादमाचा डोळा राहतो. मागण्या तळावरच्या माणसांनी ठरवायच्या, पण रस्त्यावर दिसायचं गावकऱ्यांनी.

तळावर संध्याकाळी सातनंतर जा. त्याआधी कोणी भेटत नाही, कारण लोक पहाटेच फडात गेलेले असतात. सोबत दोन बायका हव्यातच. शौचालय, पाळी, गरोदरपण हे विषय पुरुषांसमोर निघत नाहीत. मुकादमाला आधी उघडपणे भेटा, चोरून गेलात तर संशय वाढतो. वहीत एवढंच लिहा: कोपी किती, 6 ते 14 वयाची मुलं, सहाच्या आतली मुलं, गरोदर बायका, रेशनकार्ड आहे का, पाणी कुठून आणतात. उचलीचा आकडा पहिल्या भेटीत विचारू नका. फोटो काढू नका.

बरीच कामं मोर्चाशिवाय होतात. आधार जोडलेलं रेशनकार्ड असेल तर धान्य इथल्या रास्त भाव दुकानातही मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो. अडतं ते तीन ठिकाणी: कोयत्याने झिजलेली बोटं ई-पॉस मशीन ओळखत नाही, गावाकडे राहिलेल्यांनी त्या महिन्याचं सगळं धान्य आधीच उचललेलं असतं, किंवा दुकानदार ‘बाहेरच्यांचं इथे मिळत नाही’ म्हणून परत पाठवतो. तिसऱ्यावर उपाय सोपा आहे, गावातलं एक ओळखीचं माणूस सोबत जाऊ द्या.

शाळेचं तसंच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. घरून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला मूळ शाळा देते ते) आणलं असेल तर मुख्याध्यापकांना दाखवा. तरी थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर तान्हं भावंड असतं. म्हणून आधी अंगणवाडी गाठा. आईबाप पहाटे जातात, अंगणवाडी उशिरा उघडते. मधल्या वेळेला तळावर थांबून मुलांना पोचवणाऱ्या दोन जणींची पाळी लावली नाही, तर पटावर नाव चढतं आणि मूल कोपीतच राहतं.

पाणी, शौचालयं, तळावरचे दिवे यांसाठी मात्र कारखान्याकडेच जावं लागतं. निवेदन कार्यकारी संचालकांच्या नावे करा, प्रत तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना. मागण्या तीनच, मोजता येतील अशा: ‘सुविधा द्या’ असं मोघम न लिहिता ‘रोज एक टँकर, सकाळी सहाच्या आत’. शिक्क्याची पोच घ्या. 26 जानेवारीची ग्रामसभा ऐन हंगामात येते. विषय आधी लेखी देऊन ठराव करून घ्या. निवेदनावर सह्या गावकऱ्यांच्या, कामगारांची नावं कुठेच नकोत.

दहा-बारा दिवसांत काही हाललं नाही तर मूक मोर्चा काढा. पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या. त्यात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि दोन आयोजकांचे मोबाइल नंबर हवेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी लागू आहे का, तेही तिथेच विचारा. वीस माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा. रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, ऊसगाड्यांना वाट मोकळी. स्पीकर नको, माईक आला की पुढारी येतो आणि तळ मागे पडतो. गेटवर घोषणा न देता पाच जणांनी आत जावं आणि मागण्यांचं उत्तर तारखेसह लिहून मागावं.

पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी प्रत्येक कुटुंबाच्या हातात मुलाच्या हजेरीची नोंद आणि लसीकरणाचं कार्ड द्या. नाहीतर मूळ शाळेच्या पटावर मूल सहा महिने गैरहजर दिसतं.