सांडपाण्यातल्या जड धातूंचा धोका: सफाई कामगारांनी या चुका टाळा

मॅनहोलमधल्या विषारी वायूची भीती सगळ्यांना असते आणि ती असायलाच हवी. हायड्रोजन सल्फाइड फार झाला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांचा मात्र वाससुद्धा येत नाही. बॅटरी आणि प्लेटिंगचे कारखाने, दातांचे दवाखाने, रस्त्यावरून वाहून येणारं पावसाचं पाणी अशा अनेक वाटांनी ते गटारात पोचतात आणि कामगाराच्या अंगात हळूहळू साठत जातात. म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

गाळ सुकला, आता धोका नाही

मला ही सगळ्यात घातक समजूत वाटते. उन्हात बरेच जंतू मरतात, पण धातू जातील कुठे? सांडपाण्यातले बहुतेक धातू गाळालाच चिकटून बसतात. गाळ सुकला की फावडं मारताना धूळ उडते आणि श्वासावाटे आत जाते. सुका गाळ उचलण्याआधी पाणी शिंपडा, कोरडा झाडू मारू नका. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क इथे पुरत नाही. निदान एन-९५ हवा, तोही चेहऱ्यावर घट्ट बसणारा. दाढी असेल तर बाजूने हवा आत येते. मात्र हा मास्क वायू अडवत नाही, त्याच्या भरवशावर मॅनहोलमध्ये अजिबात उतरू नका.

हातमोजे आहेत ना!

फोन वाजतो, मोजा काढला जातो, बोलणं झाल्यावर मळक्या बोटांनी तोच पुन्हा चढवला जातो. आता घाण आतल्या बाजूलाही लागली, फोनलाही. मग त्याच हाताने सिगारेट किंवा घास तोंडात जातो. सॅनिटायझरने धातू निघत नाहीत; साबण, वाहतं पाणी आणि नखांसाठी ब्रश हवा. सिगारेटचा आणखी एक तोटा म्हणजे तंबाखूतच कॅडमियम असतं.

रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे सगळं ठीक

कसला रिपोर्ट, हे आधी बघा. नेहमीच्या रक्ततपासणीत धातू मोजलेच जात नाहीत. शिसं बहुतांशी तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे ते सीरममध्ये (पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवात) नव्हे, पूर्ण रक्तात मोजावं लागतं. शिवाय रक्तातलं प्रमाण मुख्यतः अलीकडच्या काही आठवड्यांचं चित्र दाखवतं. हाडांत मुरलेलं शिसं दशकानुदशकं राहतं. कॅडमियमचा जुना साठा लघवीच्या तपासणीत कळतो. ते मूत्रपिंडाला इजा करतं, तरी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बघायची नेहमीची रक्ततपासणी, बराच काळ नॉर्मल असू शकतं. लघवीच्या साध्या पट्टीतही सुरुवातीची इजा सुटते, कारण तेव्हा बाहेर पडणारी बारीक प्रथिनं ती पट्टी पकडत नाही. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या अशाच एका बारीक प्रथिनाची तपासणी त्यासाठी असते. आर्सेनिकसाठी लघवी द्यायची असेल तर आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी खाऊ नका, नाहीतर आकडा उगाच फुगतो. केसांच्या तपासणीवर विसंबू नका. बाहेरून बसलेली धूळही त्यात मोजली जाते.

डॉक्टरांना आपलं काम नेमकं सांगा: गाळ उपसतो, कोणत्या कारखान्यांचं पाणी त्या लाइनला येतं, किती वर्षं. पोटात कळा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड ही शिशाची लक्षणं असू शकतात. कामाची माहिती नसेल तर यावर पित्ताची गोळी मिळते आणि मूळ कारण तसंच राहतं.

कामाचे कपडे घरी नेणं

हे मुलांसाठी थांबवा. पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त भाग लहान मुलांच्या शरीरात शोषला जातो आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. कपडे, बूट कामावरच बदला, तिथेच आंघोळ करा. धुण्याची सोय मालकाने किंवा ठेकेदाराने करायची; कामगाराने त्यासाठी विनवण्या करायची वेळच येऊ नये.

दूध प्यायलं की विष उतरतं

उतरत नाही. पुरेसं कॅल्शियम आणि लोह मिळालं तर पोटातून शिसं कमी शोषलं जातं, एवढंच. ‘डिटॉक्स’च्या नावाने मिळणारी औषधं किंवा चिलेशनची (धातूंना बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी) इंजेक्शनं स्वतःच्या मनाने घेऊ नका. ईडीटीए हे असंच एक औषध; त्याच्या चुकीच्या प्रकारामुळे रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून मृत्यू झालेले आहेत. ज्याच्या रक्तात शिसं वाढलंय त्याला आधी त्या कामावरून हलवा. औषधाची गरज आहे का, हे मग डॉक्टर ठरवतील.