फुलांच्या चहाचा मिल्कशेक घरी करताय? मग या चुका टाळा

इंदुरात दुधाचं गार काही प्यायचं म्हटलं की आपली जीभ शिकंजीवर तयार झालेली, आणि इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही तर दाट दूध, सुकामेवा, केशर, जायफळ, असं भरगच्च प्रकरण. त्यामुळे आता घरोघरी गुलाब, मोगरा, कॅमोमाइल, गोकर्ण अशा फुलांच्या चहाचे मिल्कशेक करून बघतात तेव्हा हातही त्याच सवयीने चालतो, आणि मग तक्रारी ठरलेल्या, पातळ झाला, तुरट लागतो, वासच येत नाही, दूध फाटलं. या चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, फुलांचा चहा आपण रोजच्या चहासारखा करायला जातो. रोजच्या चहात दूध, पाणी, पत्ती, साखर सगळं एकत्र घालून खळखळा उकळलं तरी चालतं, त्या दाणेदार पत्तीला तेच हवं असतं. फुलाला उकळी सोसत नाही. त्याचा वास आधी हलक्या हाताने पाण्यात उतरवून घ्यायचा, तो अर्क पूर्ण गार करायचा आणि मगच दुधात घालायचा, एवढा क्रम पाळला तरी निम्म्या अडचणी संपतात.

उकळत ठेवू नका

फुलाचा वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं. पातेलं गॅसवर उकळत असताना सगळं घर घमघमलं तर आपल्याला वाटतं वा काय मस्त झालंय, पण तो जो वास घरभर गेला तो ग्लासात येणार नाहीये. वरून मोगऱ्याच्या चहात खालची पत्ती ग्रीन टी असते, ती उकळली की तुरटपणा सुटतो आणि मग कितीही साखर घाला, जीभ कोरडी पडल्यासारखी होते.

मोगऱ्याच्या ग्रीन टीला ७५ ते ८० अंशाचं पाणी आणि दोन ते तीन मिनिटं पुरतात. गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, कॅमोमाइल, गोकर्ण यांना ९० ते ९५ अंश चालतं आणि पाच मिनिटं, वर झाकण. झाकण विसरायचं नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला जे थेंब जमतात ना ते परत भांड्यात झटकायचे, वास त्यातही असतो. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका गार स्टीलच्या भांड्यात ओतायचं, साधारण दहाएक अंश उतरतं, परत दुसऱ्या भांड्यात ओतलं की अजून तितकंच. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे त्यामुळे इथे पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणजे दोनदा पालटलं की मोगऱ्याच्या चहाला हवं तसं पाणी तयार.

आणि पाणी बोरिंगचं नको. बऱ्याच कॉलन्यांमध्ये बोरिंगचं पाणी जड असतं, त्यात चहावर तवंग धरतो आणि चव मिळमिळीत लागते. प्यायचं गाळलेलं पाणी घ्या.

वेळ वाढवू नका, पत्ती वाढवा

ही चूक सगळ्यात जास्त होते म्हणून जरा सविस्तर. गरम असताना चाखून चहा बरोबर वाटला, दुधात घातला, आइस्क्रीम घातलं, आणि पिताना काहीच नाही, नुसतं गोड दूध. कारण थंडीने वास आणि गोडी दोन्ही दबतात आणि दुधातली चरबी उरलेलं दाबून टाकते. मग पुढच्या वेळी माणूस काय करतो तर पत्ती तितकीच ठेवून पंधरा मिनिटं भिजवतो. त्याने वास वाढत नाही, कडवटपणा वाढतो. कॅमोमाइलचं तर दहा मिनिटांनंतर काढ्यासारखं होतं. उलट करायचं, वेळ तीच आणि पत्ती दुप्पट तिप्पट.

दोन मोठ्या ग्लासांसाठी माझं प्रमाण सांगते. १२० मिली पाणी, त्यात मोगऱ्याचा चहा असेल तर दोन भरपूर चमचे, कॅमोमाइल असेल तर तीन, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या असतील तर मुठभर. भिजून, गाळून हातात ८० ते ९० मिली अर्क येतो, बाकीचं पाणी पत्ती पिऊन घेते. साखर याच गरम अर्कात विरघळवायची, गार दुधात ती तळाशी बसून राहते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. अर्क गरम असताना चाखाल तेव्हा तो जास्त गोड आणि जास्त उग्र वाटला पाहिजे, तरच थंड झाल्यावर नीट लागेल. मग २५० मिली एकदम गार दूध आणि व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन मोठे स्कूप.

गाळताना चोथा चमच्याने दाबून पिळू नका. शेवटचे ते दोन चमचे सोडून द्या, त्यातच सगळा तुरटपणा असतो. चहाच्या गाळणीतून गोकर्णाचे आणि कॅमोमाइलचे बारीक कण जातात म्हणून वर मलमलचं फडकं ठेवायचं.

आता कोणी म्हणेल थेट दुधातच पत्ती टाकली तर, पाण्याची भानगडच नको. गरम दुधात चहा पाण्याइतका चटकन उतरत नाही, पत्तीतला तुरट भाग दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरून बसतो, रंग नाही वास नाही म्हणून आपण अजून उकळतो, अन् परत पहिल्याच चुकीवर येतो. पण थंड दुधात रात्रभर मुरवणं ही गोष्ट वेगळी आणि फार सुंदर आहे. उकळून गार केलेल्या पाव लिटर दुधात दोन चमचे मोगऱ्याचा चहा, घट्ट झाकण, फ्रिजमध्ये आठ ते दहा तास, सकाळी गाळून घ्या. पाणी शून्य त्यामुळे शेक दाट होतो आणि तुरटपणा जवळजवळ नसतो. झाकण मात्र खरंच घट्ट हवं, दूध आजूबाजूचा वास ओढून घेतं, शेजारी चिरलेला कांदा असेल तर रात्रभराची मेहनत गेली.

जास्वंदीचा चहा आणि दूध

दूध फाटल्याच्या तक्रारी जवळपास सगळ्या इथल्याच असतात. बाजारात हिबिस्कस टी म्हणून जे मिळतं ती देवाला वाहायची जास्वंद नाही, ती लाल अंबाडीच्या बोंडांची जाड सालपटं असतात, आणि ती भलतीच आंबट. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट, साधारण ६.६ ते ६.७ असतो, तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीन गोळा होतो म्हणजेच दूध फाटतं, आणि अंबाडीच्या चहाचा पीएच ३ च्या जवळपास. गरम असेल तर लगेच फाटेल, गार असेल तर थोडं थांबून फाटेल, एवढाच फरक. एकदा फाटलं की मिक्सरमध्ये फिरवून जुळत नाही, दाणे बारीक होतात पण जिभेला कळतातच.

मग करायचंच असेल तर त्या अर्काचा साखर घालून दाट पाक करा, गार करा, आणि शेक ग्लासात ओतल्यावर कडेने एक-दोन चमचे सोडा, ढवळू नका, लगेच प्या. गुलाबी रेघा छान दिसतात. गरोदर बायकांनी मात्र हा चहा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोकर्णाचा निळा रंग पण असाच आंबटावर हलतो, लिंबाने जांभळा होतो. दुधात तो फिकट आकाशी दिसतो, फोटोत असतो तसा गडद निळा दुधात होणारच नाही, त्यासाठी फुलं वाढवत बसू नका, चव शेंगांसारखी हिरवट होते. त्यात गुलाबाचं सरबत ओतलं तर राखाडी-जांभळं, केशर किंवा आंबा घातला तर शेवाळी. गोकर्णाला स्वतःचा असा वास नाही म्हणून थोडी वेलची किंवा व्हॅनिला पुरे.

फुलं कुठली, हे आधी बघा

राजवाड्याच्या आसपास हारवाल्यांकडे गुलाब सुरेख असतात पण ते हारासाठी असतात, त्यांच्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं, खाण्यापिण्यात ते नकोत. मारोठिया बाजारात किंवा सियागंजात सुक्या पाकळ्या घेताना खाण्याच्या द्या असं स्पष्ट सांगायचं, पूजेच्या आणि धुपाच्या वेगळ्या असतात. हातात चुरगाळून वास घ्या, नुसता धुळीचा वास आला तर ठेवून द्या, जुन्या पाकळ्यांतून कितीही पाण्याने काही निघत नाही. घरच्या कुंडीतला देशी गुलाब असेल तर सोनं, फक्त पाकळीचं खालचं पांढरं टोक खुडून टाका, ते कडू असतं. गुलाबजलही खाण्याचंच, चेहऱ्याला लावायचं नव्हे.

आणि दिसेल ते फूल टाकून बघू नका. कण्हेर, पिवळी असो की गुलाबी, विषारी आहे, अंगणात कितीही फुललेली असली तरी. ज्यांना शेवंतीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी कॅमोमाइलपासून लांब राहावं, दोन्ही एकाच कुळातली.

मोगऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण मला हा प्रकार मनापासून आवडतो. आपण उन्हाळ्यात माठात वाळा आणि मोगऱ्याची फुलं टाकतो ना, मोगऱ्याचा चहा त्याच जातीचा. चीनमध्ये फुजो भागात तो कित्येक शतकं असाच करतात, दुपारी न उमललेल्या कळ्या खुडायच्या, संध्याकाळनंतर त्या उमलायला लागल्या की चहाच्या पत्तीत थर लावून ठेवायच्या, पत्ती रात्रभर वास पिते, सकाळी फुलं काढून टाकायची, आणि परत परत तेच. घरी एका रात्रीचं सहज जमतं. बाल्कनीतल्या बिनफवारणीच्या कुंडीतल्या पंधरा-वीस कळ्या, चार चमचे साधी ग्रीन टी, कोरडा काचेचा डबा, थर लावून झाकण लावा. मालव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही जरा गार होतात, डबा ओट्यावर राहिला तरी चालतो. सकाळी फुलं नक्की काढा, राहिली तर पत्तीला ओल धरते आणि आंबूस वास येतो. पत्ती कागदावर पसरून वाळवा नाहीतर एक-दोन दिवसात वापरून टाका. या पत्तीचा शेक आणि पाकिटातल्या पत्तीचा शेक शेजारी ठेवून प्या, मग मला काही सांगायची गरज पडणार नाही.

इंदुरी हात आवरा

शिकंजीत शोभतं ते सगळं इथे नको. केशर, जायफळ, पिस्ता, वर रबडीचा चमचा, हे सगळं घातलं की मोगरा कुठे आणि कॅमोमाइल कुठे. एक फूल आणि फार तर एक सोबती. गुलाबाला वेलची किंवा चमचाभर गुलकंद, कॅमोमाइलला मध, मोगऱ्याला काहीच नको, आइस्क्रीमही साधं. लॅव्हेंडर घेत असाल तर दोन ग्लासांना अर्धा छोटा चमचा, त्यापुढे साबण प्यायल्यासारखं वाटतं.

आइस्क्रीमच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा, फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असेल तर त्यात दुधाऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, ती टाळूला चिकटून राहते आणि नाजूक वास दाबते. दूध फुल क्रीम घ्या, ६ टक्के फॅटचं. टोन्डमध्ये ३ टक्के असतं, शेक होतो पण अंग धरत नाही.

मिक्सरमधल्या गडबडी

कोमट अर्क घालून मिक्सर फिरवायचा नाही, आइस्क्रीम वितळून सगळं पातळ होतं, आणि अर्क फारच गरम असला तर वाफेने झाकण उडतं. अर्क आधी फ्रिजमध्ये तासभर. बर्फ पाण्याचा नको, दूधच बर्फाच्या ट्रेमध्ये जमवून ते चार-सहा तुकडे घाला. एकूण फिरवणं वीस-तीस सेकंद, बस. सुट्टं दूध सायीसकट जास्त वेळ फिरवलं की लोणी सुटतं आणि ग्लासाच्या कडेला पिवळे कण चिकटतात. साय आधी काढून ठेवा किंवा दूध गाळून घ्या.

बिघडलाच तर

पातळ झाला असेल तर बर्फ घालू नका, अजून एक स्कूप आइस्क्रीम किंवा दोन चमचे दूध पावडर थोड्या दुधात कालवून घाला. तुरट किंवा कडवट लागला तर चिमटीभर मीठ घाला, मीठ कडूपणा झाकतं, साखरेने तेवढं होत नाही, आणि थोडं क्रीम. वास कमी पडला तर खाण्याच्या गुलाबजलाचे चार थेंब अगदी शेवटी, ग्लासात. साबणासारखा उग्र झाला तर एकच उपाय, दूध-आइस्क्रीम वाढवून दोनाचे चार ग्लास करा.

मुलांना संध्याकाळी देणार असाल तर मोगऱ्याच्या चहात कॅफीन असतं हे लक्षात ठेवा, गुलाब, कॅमोमाइल, गोकर्णात नसतं. तयार शेक ठेवून देऊ नका, अर्ध्या तासात पाणी खाली आणि फेस वर होतो. ठेवायचा तो अर्क, साखर घालून, काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये तीन दिवस. दुधात मुरवलेला असेल तर दोनच दिवस.