स्केचअपमध्ये फरशी, वीट, लाकूड कसं चढवावं

एका फ्लॅटच्या हॉलचं संगणकावरचं थ्रीडी मॉडेल घरच्यांना दाखवत होतो. भिंती, सोफा, पडदे सगळं पसंत पडलं. मग काकूंनी चष्मा सावरला आणि विचारलं, "एवढी मोठी फरशी दारातून आत कशी आणणार?" फरशीचा फोटो चढवताना मी त्याचं माप द्यायला विसरलो होतो. एकेक फरशी सहा फुटांची दिसत होती आणि शेजारी तीन फुटी दार!

स्केचअप या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल, म्हणजे पृष्ठभागाचा रंग किंवा नमुना, देण्याच्या टूलचं चिन्ह रंगाच्या बादलीचं आहे, म्हणून बादली उचलून ओतली की झालं असं वाटतं. खरं काम आधी आणि नंतर असतं. खाली दिलेली बटणं विंडोजवरची आहेत. मॅकवर आधी चढवलेल्या मटेरियलचा नमुना उचलायला ऑल्टऐवजी कमांड दाबायचं.

आधी सुलट-उलट पाहा

कापडाला असते तशी स्केचअपमधल्या प्रत्येक फेसला, म्हणजे पृष्ठभागाला, सुलट आणि उलट बाजू असते. नेहमीच्या स्टाइलमध्ये सुलट बाजू पांढरी आणि उलट बाजू निळसर राखाडी दिसते. भिंत उभी करताना फेस उलटा झाला, तर मटेरियल उलट बाजूवर बसतं. स्क्रीनवर ते कळत नाही, पण मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणारी काही रेंडर सॉफ्टवेअर उलट बाजू जमेस धरत नाहीत आणि ऐन वेळी भिंत कोरी निघते.

म्हणून व्ह्यू मेनूतल्या फेस स्टाइलमधून मोनोक्रोम निवडा आणि मॉडेलभोवती एक चक्कर मारा. निळसर फेस दिसला की राइट क्लिक करून रिव्हर्स फेसेस. एखादा फेस बरोबर असेल, तर त्याच्यावर राइट क्लिक करून ओरिएंट फेसेस दिल्यावर त्याला जोडलेले बाकीचे फेस त्याच्यासारखे वळतात. हे रंगवण्याआधीच उरका. नंतर फेस उलटवला, तर मटेरियलही त्याच्याबरोबर मागे जातं.

ग्रुपच्या आत जाऊन रंगवा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ग्रुप म्हणजे एकत्र बांधलेले फेस. ग्रुपवर बाहेरून बादली ओतली, तर आतल्या फक्त कोऱ्या फेसना ते मटेरियल दिसतं. आधी रंगवलेले फेस जसेच्या तसे राहतात. शिवाय बाहेरून रंगवलेल्या फेसवर टेक्स्चर, म्हणजे मटेरियलमधलं चित्र, सरकवायचा पर्यायच मिळत नाही. तेव्हा ग्रुपवर डबल क्लिक करा, आत शिरा आणि हवा तो फेस रंगवा. सोफ्याचा कापडी रंग एकदाच बदलायचा असेल, तर मात्र बाहेरून रंगवणं सोयीचं.

बादलीसाठी बी दाबा. उजवीकडच्या मटेरियल्स ट्रेमधून मटेरियल निवडा आणि फेसवर क्लिक करा. कंट्रोल धरून क्लिक केलं, तर त्याच मटेरियलचे एकमेकांना लागून असलेले फेसही रंगतात. शिफ्ट धरलं, तर ते मटेरियल मॉडेलमध्ये जिथे जिथे आहे तिथे तिथे बदलतं. "सगळीकडचं सागवान काढून अक्रोड दाखवा" असा निरोप आला की शिफ्ट आठवा.

माप द्या

ट्रेमधला तयार विटांचा नमुना आपल्या विटेच्या मापाचा असेलच असं नाही. ट्रेमधल्या इन मॉडेलमध्ये, म्हणजे या मॉडेलमधल्या मटेरियलच्या यादीत, जाऊन मटेरियल निवडा आणि एडिट टॅब उघडा. तिथे रुंदी-उंचीच्या दोन चौकटी दिसतील. त्यात एका विटेचं माप भरायचं नाही, तर पूर्ण चित्रात जेवढं दिसतं तेवढ्याचं. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट 190 × 90 × 90 मिमी असते. सांध्याचा मसाला धरून 200 × 100 × 100. चित्रात आडव्या चार विटा आणि उभे आठ थर असतील, तर रुंदी 800 आणि उंचीही 800 मिमी.

फरशीत आणखी एक मेख आहे. दुकानात जिला दोन बाय दोन म्हणतात ती व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक वेळा 600 मिमीची असते, आणि दोन फूट म्हणजे 609.6 मिमी. बारा फुटी खोलीत सहा टाइल बरोबर बसतील असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात 3658 मधून 3600 गेले की जवळपास 58 मिमीची पट्टी उरते. मॉडेलमध्ये खरं माप दिलंत, तर ती पट्टी आधीच दिसते आणि कुठल्या भिंतीखाली लपवायची ते ठरवता येतं.

त्याच टाइलचं दुसरं माप हवं असेल, तर चालू मटेरियल बदलू नका, कारण ते सगळीकडे बदलेल. क्रिएट मटेरियलने प्रत काढा, तिला नाव द्या आणि प्रतीचं माप बदला.

सरकवा, फिरवा

फेसवर राइट क्लिक, टेक्स्चर, मग पोझिशन. चार रंगीत पिना दिसतात. लाल पिनेने चित्र सरकतं, हिरवीने फिरतं आणि लहान-मोठं होतं. निळी आणि पिवळी चित्र तिरपं-वाकडं करतात. फरशीच्या कामात त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं. लाल पिन धरून अख्खी टाइल दाराशी आणा, फरशीवालाही बहुधा तिथूनच सुरुवात करतो. झालं की एंटर.

लॅमिनेटच्या रेषांकडे लक्ष द्या. कपाटाच्या शटरवर त्या सहसा उभ्या असतात आणि टेक्स्चर आडवं बसलेलं असतं. पोझिशनमध्ये असताना राइट क्लिक करून रोटेटमधून 90 निवडा.

माझी आवडती युक्ती ओट्याची. ग्रॅनाइटच्या वरच्या फेसवर टेक्स्चर नीट बसवा, बादली घेऊन ऑल्ट धरा, त्याच फेसवर क्लिक करून नमुना उचला आणि समोरच्या पट्टीवर ओता. दगडाची शीर कडेवरून खाली वळते, अखंड दगड कापल्यासारखी. मॅकवरही हे चालतं, फक्त ऑल्टच्या जागी कमांड.

गोल खांबासारख्या वळणदार फेसवर टेक्स्चर तुकड्यातुकड्यांनी बसतं. सपाट फेसवर तेच चित्र लावून राइट क्लिकमधून टेक्स्चर प्रोजेक्टेड करा, ऑल्टने नमुना उचला आणि खांबावर ओता.

स्वतःचा फोटो

जांभा, शहाबादी, कडप्पा यांसाठी मी स्वतः फोटो काढतो. मोबाइल दगडाला समांतर धरा आणि सावलीत काढा, कारण उन्हात एकाच बाजूची सावली वारंवार उमटते. सांध्यावर नेमका कापा आणि हजार-दीड हजार पिक्सेलपर्यंत लहान करा, नाहीतर फाइल फुगते. फाइल मेनूतल्या इम्पोर्टमधून चित्र निवडताना "टेक्स्चर म्हणून" हा पर्याय ठेवा आणि फेसवर दोन क्लिक करून बसवा. जांभ्याच्या चिऱ्याचं माप गावागणिक बदलतं, तेव्हा टेप लावून मोजलेलंच भरा.

फाइल पाठवण्याआधी इन मॉडेलच्या बाणातून पर्ज अनयूज्ड दाबा. आजमावून सोडून दिलेली वीसेक लाकडं तिथे पडून असतात.